पंच क्रमांक दोन

महापालिकेच्या मागच्या फाटकाशी
माझं टेबल, टाइपरायटर, गिऱ्हाइकाला एक स्टूल.
तीस वर्षं प्रतिज्ञापत्रं बडवतोय.
'वरील मजकूर सत्य असून'
इतक्या वेळा, की बोटं झोपेतही तेवढंच बडवतात.

साहेबांना पंच लागला की शिपाई हाक मारतो,
'समुद्रे, चला, दोन मिनिटांचं काम.'
पंच क्रमांक एक पानपट्टीवाला.
क्रमांक दोन मी.

त्या बुधवारी कागद आधीच भरलेला होता.
जयंती नाल्याकाठची बुरूडांची ओळ,
घरे सतरा, सर्व रिकामी आढळून आली.
सामानसुमान : नाही.
बुलडोझर अजून निघालाही नव्हता.
मी सही केली. चहा घेतला.
खारी बुडवून खाल्ली, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सायकलवरून जाताना दिसलं
'नाही' म्हणजे काय काय असतं ते :
सुपं, रोवळ्या, एक पाळणा,
चेपलेल्या डालीखाली कोंबडा.
तो आरवला नाही.
त्याची गरज नव्हती.

आमच्यात रविवारी साक्ष द्यायची पद्धत आहे.
उभं राहायचं, प्रभूनं काय केलं ते सांगायचं.
ताप उतरला, थोरल्याला एमआयडीसीत लागली,
शिरोलीच्या वळणावर ट्रक हातभर अंतरावरून गेला.
मीही उठलोय पुष्कळदा. आमेन मिळालंय.

त्या रविवारी उठलो आणि म्हणालो,
प्रभूचं मला माहीत नाही, या आठवड्यात मी केलं.
सतरा घरं. निळ्या शाईत.
आमेन आलं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

खजिनदार आवारात भेटले, हळूच म्हणाले,
'आपल्या कंपाउंडची लीजही त्याच टेबलावर आहे, समुद्रे.
अधिकारी देवानं नेमलेले असतात. तो अध्याय वाचा.'
वाचलाय.
ज्यानं हात धुतले तोही अधिकारीच होता.
आणि वधस्तंभावरची पाटी?
ती कुणीतरी बसून लिहिलीच असेल की.
तीन भाषांत, बिनचूक,
वर चहा घेऊन.

पाळकसाहेब म्हणाले, 'प्रार्थना करू.'
खांद्यावरचा त्यांचा हात थरथरत होता.
त्यांना मी काय बोलणार? माझा थरथरलाही नव्हता.

रात्री नलिनीनं विचारलं, 'दगड मारणार आहात?'
नाही.
'मग गप्प बसणार?'
नाही.
'मग उरलं काय?'
कार्बन पेपर आहे का बघ, म्हणालो.

मी, शांतवन दानिएल समुद्रे, वय बासष्ट, धर्म ख्रिस्ती,
लिहून देतो की मी काहीही पाहिले नव्हते.
वरील मजकूर सत्य असून
इथं बोटं थांबली. पहिल्यांदाच.

साहेब वाचून हसले. आवकचा शिक्का दिला नाही.
त्यांच्या मुलीची यंदा दहावी आहे.
तिचं नाव रोज प्रार्थनेत घेतो.
शिक्काही रोज मागतो.

आठवड्याभरात माझं टेबल उचललं गेलं.
अतिक्रमण.
रीतसर पंचनामा झाला म्हणे.
पंच क्रमांक दोन कोण, ते कळलं नाही.

आता टाइपरायटर घेऊन नाल्याकाठी बसतो,
घराघराची यादी करतो :
सुपं किती, रोवळ्या किती, पाळणा एक.
हौसाक्का सांगते. माझ्याकडं बघत नाही.
माफी मागितली तर म्हणाली,
'ती तुझ्या देवाकडनं घे जा. मला काम हाय.'
आणि कोयता पुढं सरकवला, कळकाचं एक पेर.
'बसलाईस न्हवं? मग कामट्या काढ.'

वाकड्या निघाल्या. बोटात कूस गेली.
तिनं एक उचलली, उजेडात धरली,
टाकून दिली,
आणि दुसरं पेर दिलं.